उपासनेत अभंग आणणारे कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कोणा एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. मी लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जिजाऊंचे माहेर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला. शेगावच्या गजानन महाराजांची पोथी तर घरोघर वाचली जाते. त्यांच्याविषयी माझ्याहून चांगले लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. तेव्हा मी माझ्या माहितीतला विषय घेतला आहे.

शेजारच्या बायका मला नेहमी एक गोष्ट विचारतात. तुम्ही ख्रिस्ती, तुमचा देव येशू, आणि रविवारी तुमच्या चर्चमधून अभंगाची चाल कशी ऐकू येते? टाळ कसे वाजतात? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र होय. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची कविता आपल्यापैकी अनेकींनी शाळेत पाठ केली असेल. लोकमान्य टिळक ते निराळे. दोघेही कोकणातले, दोघेही चित्पावन ब्राह्मण, आणि दोघेही एकाच काळातले, म्हणून पुष्कळांची गल्लत होते एवढेच.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील स्वभावाने कडक, तर आई जानकीबाई मोठ्या भाविक. आईचा मुलावर फार जीव. परंतु तो अकरा-बारा वर्षांचा असतानाच ती देवाघरी गेली. आईवेगळा मुलगा नाशिकला आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे तो बसल्याजागी कविता करी. चार पैसे हातात आले की गरजूला देऊन मोकळा होई. एका गावी, एका नोकरीत त्याचे मन रमत नसे. अशा पुरुषाच्या संसारात बायकोची काय तारांबळ होत असेल, ते आपण बायकांना सांगायला नको!

ही बायको म्हणजे लक्ष्मीबाई. १८६८ साली त्यांचा जन्म झाला. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या वडिलांचे सोवळे एवढे कडक की बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसत. लहानपणीच लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती टिळकांच्याच घरी. ह्या बाईंचे नाव मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण टिळकांनी जे काही नवे केले, त्याची किंमत अर्धी तरी यांनी मोजली आहे.

टिळक काही काळ नागपूरला होते. तेथील श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले. तेथून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. दोघांचे बोलणे धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो शब्दाला वचन दिले म्हणून वाचायला घेतला, आणि येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचून त्यांच्या मनाने ठाव सोडला. दोनएक वर्षे त्यांची ही घालमेल चालू होती. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी मरणेच होते. नातेवाइकांनी त्यांच्या नावाने हाय खाल्ली. लक्ष्मीबाईंच्या पदरी चार वर्षांचा मुलगा दत्तू. नवरा जिवंत, पण घर मोडलेले. माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळले. काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. चारपाच वर्षे हा विरह चालला. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवूनच. टिळकांनी त्यांच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतली शिवाशीव देवाने केली की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच करून करून मनातली अढी सोडविली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे मुकाट गेल्या असे कोणी म्हणू नये. आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेल्या.

आता गाण्याची हकीकत.

टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे काम मुख्यतः त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होते. अमेरिकन मिशनचे लोक तेथे १८३१ पासून आलेले. धर्मशास्त्राच्या शाळेत टिळक शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. रविवारच्या उपासनेत ते बसत, तेव्हा बहुतेक गाणी इंग्रजी चालीवर ऐकू येत. मिशनरी लोक भले होते. आपल्या आईने म्हटलेली गाणी त्यांनी मराठीत उतरविली आणि आपल्याच चालीवर म्हणायला शिकविली. त्यांच्या हेतूला कोणी नावे ठेवू नयेत.

अडचण भाषेतच होती. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व. इंग्रजीत एखाद्या अक्षरावर जोर देतात, त्याला महत्त्व. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबला की आखूड अक्षर लांबते, लांब अक्षर आखूड होते, आणि शब्दाचे दोन तुकडे पडतात. अर्थ लागेपर्यंत कडवे संपलेले असते. शिवाय साहेबांच्या गाण्यात चार निरनिराळे सूर एकत्र चालतात. आपल्या कानाला एकाच सुराची सवय. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. ते गाणे पुस्तकात पाहून म्हणायचे असते. त्या काळच्या खेड्यातल्या ख्रिस्ती बाईला अक्षर कुठे येत होते? ती बिचारी नुसती उभी राही. देवाच्या घरी येऊन तोंड मिटून उभे राहणे, याहून मोठी गरिबी कोणती?

हे दुखणे टिळकांच्या आधीही काही जणांच्या लक्षात आले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, ते ओवीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. नगरला कृष्णराव सांगळे यांनी देशी चालीवर पदे रचली होती आणि ख्रिस्ती कीर्तने केली होती. बाहेरच्या देशांतही हेच झालेले दिसते. जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी १५२४ च्या सुमारास लोकांच्या स्वतःच्या बोलीतली गाणी चर्चमध्ये आणली, तेव्हा कुठे तेथला सामान्य मनुष्य गाऊ लागला. त्याआधी सगळी उपासना लॅटिनमध्ये होई. म्हणजे टिळकांनी वाट शून्यातून काढली असे नाही. पायवाट होती. तिचा हमरस्ता त्यांनी केला.

टिळकांच्या अंगी ज्ञानोबा-तुकोबांची वाणी मुरलेली होती. ख्रिस्ताच्या पायाशी आपण पोचलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून तो पूल त्यांनी मोडला नाही. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, भजने लिहिली, कीर्तने रचली आणि स्वतः उभे राहून केली. संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घालावे, तसे टिळकांनी पुष्कळ ठिकाणी आपले नाव दास असे घातले. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात. टिळकांनी येशूला आई म्हटले, गुरुमाउली म्हटले. साहेबांच्या गाण्यांतून येशू राजा होऊन येई, मेंढपाळ होऊन येई. टिळकांच्या अभंगातून तो आई होऊन आला. लहानपणीच आई गेलेल्या मुलाने हे लिहिले आहे, हे ध्यानी ठेवून ते अभंग म्हटले की माझा तरी गळा भरून येतो.

अभंगाची युक्ती काय, तेही थोडे सांगते. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. एवढे लहान वाक्य एकदा ऐकले की कानात बसते. पुढचा एक जण ओळ म्हणतो, मागचे सगळे ती धरतात, पुन्हा धृपद येते. पुस्तकाची जरूर नाही. ज्याला अक्षर येत नाही तोही चौथ्या कडव्यापर्यंत बरोबरीने गाऊ लागतो. आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांना तर हे शिकवावे लागतच नाही. ते त्यांच्या गळ्यातच असते. म्हणून मी म्हणते की टिळकांच्या नव्या गाण्याने सर्वांत आधी कोणाचे तोंड उघडले असेल, तर ते खेड्यातल्या बायकांचे.

परंतु सगळ्यांनीच त्याचे स्वागत केले असे समजू नका. काही मिशनऱ्यांना वाटे की टाळ-मृदंग आले म्हणजे मागोमाग जुनी पूजाही येईल. आणि पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही ते रुचले नाही. त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. जी माणसे घरदार, जात, भाऊबंद सोडून आली होती, त्यांना टाळाचा आवाज ऐकला की मागे सोडलेल्या दाराची आठवण होई. ज्या देवळाच्या पायरीवरही एखाद्याला उभे राहू दिले नव्हते, त्या देवळातली चाल त्याने प्रेमाने कशी म्हणावी? तशा मनुष्याला साहेबाची चालच बरी वाटली. ती निदान कोणाची जात तरी विचारीत नव्हती. हा राग खोटा नव्हता. ह्या रागाला उत्तर द्यायचे म्हणजे चाल गोड असून भागण्यासारखे नव्हते. गाणारा मनुष्यही तसा असावा लागत होता.

टिळक तसे होते. ते सगळ्यांच्या हातचे जेवत. पोरक्या मुलांना घरी आणून ठेवीत, आणि लक्ष्मीबाई त्यांना आपल्या मुलांबरोबर वाढीत. अभंग ही कोणा एका जातीची मिरास नाही, आपल्या सगळ्या मराठी माणसांची ती आईकडून आलेली ठेव आहे, हे त्यांनी भांडून सांगितले नाही. सगळ्यांच्या पंगतीला बसून दाखविले. म्हणून त्यांचे गाणे लोकांनी हळूहळू घेतले. आणखी एक गोष्ट. त्यांनी जुनी गाणी फेकून द्या असे म्हटले नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे उपासना-संगीत हे पुस्तक पाहावे. इंग्रजी चालीची गाणी त्यात आहेतच, आणि देशी चालींचीही आहेत. सुमारे सातशे गीतांत अडीचशेच्या वर एकट्या टिळकांची आहेत असे सांगतात. जुने आणि नवे एका बांधणीत बसले, ते ह्यामुळेच.

१९१२ सालापासून मरेपर्यंत टिळकांनी ज्ञानोदय ह्या जुन्या पत्राचा मराठी भाग चालविला. नव्या कवींवर त्यांचा फार लोभ. १९०७ साली आपल्या शेजारच्या खानदेशात, जळगावला, महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा मोठा पुढाकार होता. तेथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कोवळ्या मुलाची कविता ऐकून संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. तो हिंदू, हे घर ख्रिस्ती. परंतु लक्ष्मीबाईंच्या पानात भेद नव्हता. ज्या बाईने लहानपणी धुतलेले जिन्नस पाहिले, तिच्याच घरी हे घडले!

टिळकांना शेवटी मिशनचा पगार आणि मिशनचे छप्पर दोन्ही नकोसे झाले. ख्रिस्त आपल्या लोकांना परका वाटतो, तो परक्यांच्या हातून आल्यामुळे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१७ साली त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्यास देवाचा दरबार नावाची बंधुमंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, असा त्यांचा मानस. परंतु शरीर थकले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात त्यांचे देहावसान झाले. आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेच झाले. अस्थी नगरला नेल्या.

त्यांचे एक मोठे काम अर्धे राहिले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून १९०९ साली त्यांनी ख्रिस्तायन लिहायला घेतले होते. त्याचे दहाएक अध्यायच झाले. ते पुरे कोणी केले? शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी! पुढचे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. १९३४ पासून त्यांच्या आठवणींचे स्मृतिचित्रे हे पुस्तक भागाभागाने निघाले. ते मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्यात नवऱ्याचे मोठेपणही आहे आणि विसरभोळेपणही आहे, आणि स्वतःची थट्टाही आहे. मी ते वाचले तेव्हा मला धीर आला, की थोड्या शिक्षणाच्या बाईनेही लेखणी धरायला हरकत नाही. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या आणि १९३८ साली ख्रिस्तायन छापून निघाले. नवऱ्याने आरंभिलेले गाणे बायकोने तडीस नेले.

आपल्या वऱ्हाडात अलायन्स मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. अकोला, खामगाव, मलकापूर ह्या बाजूला मंडळ्या झाल्या. टिळक नगरचे, परंतु त्यांचे अभंग पुस्तकांतून आणि त्याहूनही माणसांच्या तोंडांतून इथवर आले. सोयरिकी जमल्या, मुली नगरकडून इकडे आल्या, इकडून तिकडे गेल्या. पदरात गाणी घेऊन आल्या. नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे भजनाची फेरी निघते, तीत हिंदू शेजाऱ्यांच्या दारातही आम्ही थांबतो, आणि पुष्कळ घरचे लोक टाळी धरतात. चाल ओळखीची असली की दार उघडायला वेळ लागत नाही.

हल्ली नव्या गाण्यांवरून ठिकठिकाणच्या मंडळ्यांत कुरबुर ऐकू येते. तरुण मुलांना गिटार हवी, कीबोर्ड हवा, ड्रम हवा. गाण्याचे शब्द भिंतीवर पडद्यावर दाखवितात. वडील माणसे म्हणतात, हा गोंगाट झाला, टिळकांचे अभंग मागे पडले. गंमत अशी की आज जे अभंग जुने म्हणून आपण उराशी धरतो, तेच शंभर वर्षांपूर्वी नवे म्हणून लोकांना खुपत होते. म्हणून नुसते नवे आहे एवढ्यावरून नाक मुरडणे मला पटत नाही. मी टिळकांच्या मापाने मोजते. ह्या गाण्यात शब्द मोडतो की नीट उमटतो? ज्या आजीला पडद्यावरचे दिसत नाही, तिला हे दुसऱ्या वेळी म्हणता येते की नाही? पुढे उभा राहून गाणारा मागच्या बाकावरच्या माणसाच्या सुखदुःखात जातो की नाही? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर गिटारीने काही बिघडत नाही. एकाचेही नाही असेल, तर टाळ वाजवूनही उपयोग नाही. पुढे गाणारे चार, आणि बाकीची सगळी मंडळी ऐकणारी, असे होऊ लागले की समजावे, टिळकांच्या आधीचे दिवस परत आले.

हेच आपल्या मंडळालाही लागू आहे असे मला वाटते. भजनाच्या दिवशी गोड गळ्याच्या दोघी-तिघी गातात आणि इतर जणी कौतुकाने ऐकतात. ते ठीकच आहे. परंतु ह्या वर्षापासून प्रत्येक वेळी एक तरी भजन असे घ्यावे, की जे म्हणायला वही लागणार नाही आणि नव्याने आलेली भगिनीही दुसऱ्या कडव्याला सूर धरील. एक तुमच्या घरचे, एक माझ्या घरचे. त्यात टिळकांचा एखादा अभंग शिकवायला मी आनंदाने तयार आहे. टाळ आपल्या मंडळाच्या कपाटात आहेतच.